चौथ्या मजल्यावरचा प्रोब

अंधेरीतल्या आमच्या ऑफिसात रोज दुपारी नेटवर्क मंदावायचं. शाखांचे फोन सुरू व्हायचे आणि साहेब आमच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहायचे. शेवटी कंपनीने चार प्रोब घेतले. प्रोब म्हणजे वहीएवढी पेटी. ती नेटवर्कच्या स्विचला जोडली की तिथून जाणाऱ्या डेटाची नक्कल तिच्याकडे येते, आणि कोणाच्या मशीनवर किती डेटा येतो-जातो ते पडद्यावर दिसतं. ते बसवायचं काम काकांवर आणि माझ्यावर आलं.

काका माझे सीनियर. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते. नेटवर्कचं सगळं मला त्यांनीच शिकवलेलं. तीन प्रोब कुठे लावायचे ते त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं. चौथा मी कपाटात ठेवून देणार होते.

"चेडवा, आपलो चौथो मजलो रवलो," ते म्हणाले. चेडवा म्हणजे पोरी, मला ते अशीच हाक मारायचे. "दुसऱ्यांचं बघायचं नि आपण लपून बसायचं, असं नको."

स्वतः शिडीवर चढून त्यांनी तो लावला.

दुसऱ्याच दिवशी कारण दिसलं. सर्व्हरचा बॅकअप दुपारी दोनला सुरू होत होता. तो पहाटे दोनला व्हायला हवा होता. वेळ मी घातली होती. आणि चौथ्या प्रोबवर एक बारीक रेघ होती. काकांच्या मशीनवर दुपारी एकपासून पाचपर्यंत बाहेरून व्हिडिओ येत होता. कशाचा, ते विचारायची मला गरज नव्हती. नाहूरला त्यांच्या घरी काकू अर्धांगवायूने पडून होत्या. सांभाळणारी बाई एकला जायची, मुलगी कॉलेजातून पाचला यायची. मोबाइल आमच्याकडे दारातच जमा करावा लागतो, म्हणून मधले चार तास काका मशीनवर घरच्या कॅमेऱ्याची छोटी चौकट उघडी ठेवायचे.

त्या महिन्यात विभागप्रमुखाची जागा भरायची होती. नावं दोनच होती, त्यांचं आणि माझं. बॅकअपबद्दल मी तोंड उघडलं नाही. साहेबांना ती रेघ तेवढी दाखवली.

"काय बघतो हा?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

सोमवारी दुपारी मीटिंगला बारा जण होते. साहेबांनी काकांचा लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडायला लावला.

"उघडा जरा. आम्हालाही दिसू दे."

"नको, साहेब. घरचा कॅमेरा आहे. मिसेस आजारी आहेत."

"कंपनीच्या लाइनवर चालतं ना? मग कंपनी बघणार."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला सगळं ठाऊक आहे, हे त्यांना ठाऊक होतं. मी वहीत तारीख लिहीत बसले. त्यांनी उघडलं.

काकू पलंगावर एका कुशीवर होत्या. गाऊन गुडघ्यांच्या वर गेला होता, आणि चांगल्या हाताने त्या तो खाली ओढू पाहत होत्या. हात पोचत नव्हता. कोणीतरी हसू दाबलं, पण ते ऐकू आलं. तेवढ्यात केबल सैल होऊन चित्र थरथरलं. मी सवयीने वाकले आणि केबल घट्ट बसवली. चित्र स्पष्ट झालं.

"कळलं ना आता, लाइनची वाट कोण लावतं?" साहेब म्हणाले.

त्याच संध्याकाळी मी कॅमेरा ब्लॉक केला आणि बॅकअपची वेळही गुपचूप पहाटेची केली. मंगळवारी लाइन झकास चालली. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. काकांनी जुन्या नोंदी पाहिल्या असणार. चहाच्या वेळी ते जवळ आले.

"दोनचा बॅकअप हलवलास?"

"हो."

"बरं केलंस."

दोन आठवड्यांनी काकू पलंगावरून पडल्या. मुलगी आली तेव्हा पाच वाजले होते. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये पडल्याची वेळ होती एक चाळीस. काकांनी राजीनामा दिला.

शेवटच्या दिवशी त्यांच्याकडून सामान परत घेणं हे विभागप्रमुख म्हणून माझं काम होतं. लॅपटॉप, कार्ड, सर्व्हर रूमची किल्ली. मी यादीवर एकेक खूण करत गेले. चार्जर नव्हता. मी तो मागितला. त्यांनी पिशवी टेबलावर पालथी केली. गोळ्यांच्या पट्ट्या पडल्या, मोठ्यांच्या डायपरचं पाकीट पडलं, सगळ्यात शेवटी चार्जर. मी खूण केली.

"जाऊ, मॅडम?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले.