अक्काच्या जागी ताई
कपाट आवरताना जुनी फ्लॉपी सापडली आणि माझं डोकं पुन्हा तापलं. नव्वदीच्या अखेरीस कानडी मुलखातल्या यशवंतपुरात, उदबत्तीने कोंदलेल्या सायबर कॅफेत बसून मी थोरल्या बहिणीबरोबरच्या, अक्काबरोबरच्या, लहानपणच्या गोष्टी इंग्रजी अक्षरांत मराठीतून टाइप करायचे. एका गोष्टीची एक साधी टेक्स्ट फाइल, सगळ्या या फ्लॉपीवर. त्या फायली एका वेबसाइटवर चढवायला पुण्याहून आलेला शेजारी मदत करायचा. एकदा त्याने मला न विचारता सगळ्या फायलींतल्या अक्काची एका फटक्यात ताई करून टाकली. "शुद्ध मराठी केलं, काकू!" अक्काने पडद्यावर वाचलं आणि विचारलं, "सरी, बरं, पण ही ताई कोण गं?" आमच्या सात पिढ्यांत कुणी ताई नव्हती! एकेक फाइल उघडून मी अक्का परत आणली. आता अक्का या जगात नाही, फक्त त्या फायलींतच उरली आहे. तिथूनही तिला हाकलून तो शहाणा वर शाबासकी मागत होता!