टेपचं दुमडलेलं टोक

प्रयोगशाळेत त्याला सगळे 'तराजू' म्हणत. एक तर तो वजनाच्या खोलीत बसे. शिवाय "जेवलास का?" एवढं विचारलं तरी क्षणभर थांबून, मनाशी खात्री करून मगच "हो" म्हणे. बायको सांगायची, "लग्नाला होकार द्यायला यांनी इतका वेळ लावला, की माझ्या बाबांना वाटलं फोनच कट झाला."

प्रयोगशाळेचं काम अणुइंधनावर नजर ठेवण्याचं. निरीक्षक देशोदेशींच्या कारखान्यांत जात, युरेनियमच्या पावडरीचे नमुने तिथल्याच कामगारांकडून छोट्या बाटल्यांत भरून घेत आणि सील करून इकडे पाठवत. कारखाना म्हणतो तेवढं युरेनियम त्यात खरंच आहे, की मधल्यामधे कुणी हात मारलाय, हे इथे ती पावडर आम्लात विरघळवून, थेंबाथेंबाने रसायन सोडून ठरवलं जाई. बाटलीवर नुसता आकडा. माल कुठला ते मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही, म्हणजे त्याचा हात कुणाकडे झुकायचा प्रश्नच नको.

तराजूचा दादा नेमका अशाच एका कारखान्यात पावडर विभागात होता. त्याच्या पाळीतलं युरेनियम हिशेबात कमी भरलं आणि नमुन्यांचा अहवाल येईपर्यंत दादाला घरी बसवलं गेलं. दुसऱ्या दिवसापासून वहिनीचे फोन सुरू.

"भाऊजी, तुमची मशिनं एवढी शहाणी, त्यांना जरा लवकर बोलायला सांगा. हे घरी बसून भांडी घासतात. परवा कढईचं बूडच खरवडून काढलं!"

मागून दादाने फोन घेतला. "अरे, पिंपाचं झाकण सैल होतं. पावडर पाणी प्यायली. आत आली तेव्हा पाण्यासकट वजन धरलं, आणि भट्टीत पाणी उडून गेलं. चोर कोण, तर पाणी! हे तुमच्याकडे कळतं ना?"

तराजूने नेहमीसारखा वेळ घेतला. "कळायला हवं," तो म्हणाला.

कळतंही. फक्त बाटली उघडल्या उघडल्या वजन घ्यावं लागतं. ती पावडर भारी तहानलेली. उघडी राहिली की खोलीतल्या हवेतलंही पाणी ओढते. मग कारखान्यातलं पाणी कुठलं आणि इथलं कुठलं, ते कुणालाही सांगता येत नाही.

काही आठवड्यांनी तराजूच्या टेबलावर एक बाटली आली. आकडा नेहमीसारखाच मुका. पण बाहेरच्या सीलबंद पिशवीतून ती काढली आणि त्याचा हात थांबला. झाकणाभोवतीची टेप उलट्या दिशेने गुंडाळलेली, डावखुऱ्या माणसाने गुंडाळावी तशी. आणि तिचं टोक दुमडून त्रिकोण केलेला, म्हणजे सोडताना नखाने खरवडत बसायला नको. लहानपणी आईच्या बरण्या दादा अशाच बांधून द्यायचा.

गप्प राहिला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. त्यानेही ते मनात तोललं. मग बाटली न उघडता उठला आणि विभागप्रमुख बाईंकडे गेला.

"बाई, हा नमुना मला करता येणार नाही. माझ्या भावाने बांधलाय."

"नाव आहे त्यावर?"

"टेप आहे."

बाईंनी चष्मा काढला. "अरे बाबा, आता तू बोललास, आता मला बहिरं होता येत नाही. हा नमुना दुसरा कुणी करेल. त्याबद्दल तू कुणाशी चकार शब्द काढायचा नाहीस. काढलास तर नमुनाच बाद."

बाटली गेली 'रेडिओ'कडे. रेडिओ माणूस लाखातला, हातही चांगला, पण तोंड बंद होईल तर शपथ. तराजू काचेच्या भिंतीबाहेर उभा राहिला. आत रेडिओने ते त्रिकोणी टोक धरून टेप सर्रकन सोडवली, झाकण उलटं ठेवलं आणि एवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. रेडिओने तो घेतला, वजनकाट्याकडे पाठ केली. मग हसणं, मान डोलावणं, "काय सांगतोस!" चाललं. बाटली आ वासून तशीच.

तराजूचा हात काचेपर्यंत गेला. वाजवावं? वाजवलं की नमुना बाद. नाही वाजवलं तर...

"काय रे?" मागे बाई उभ्या होत्या. त्याच्या हाताकडे बघत होत्या.

त्याने बाहीने काच पुसली.

"स्वच्छच आहे ती," बाई म्हणाल्या.

"हो," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा, न थांबता.

रेडिओ फोन ठेवून वळला तेव्हा वजन चढू लागलं होतं. तो प्रामाणिक. बाटली उघडी राहिली हे त्याने स्वतःच अहवालात लिहिलं. पाणी मुळात किती होतं ते सांगता येत नाही. नमुना निष्कर्षाला अयोग्य. दुसरा घ्यावा म्हटलं, तर त्या पिंपातल्या पावडरीच्या केव्हाच इंधनाच्या गोळ्या होऊन भट्टीतून निघाल्या होत्या. दादा चोर ठरला नाही, सुटलाही नाही. त्याला फाटकावर बसवलं, गाड्यांसाठी दांडा वर-खाली करायला.

पुढे एका रविवारी दादा भेटायला आला. हसतमुख, फक्त जरा वाळलेला. चहाचा कप फिरवत म्हणाला, "तो नमुना कुणाच्या हाताखालून गेला, काही कळलं?"

"सांगता येत नाही, दादा."

"नको सांगूस. नियम तो नियम." त्याने घोट घेतला. "मी आपलं टेपचं टोक दुमडून ठेवलं होतं. निरीक्षक म्हणाला, इथे कसली कलाकुसर? म्हटलं, असू दे साहेब, उघडणाऱ्याची नखं वाचतील." मग आवाज खाली आणला. "खरं सांगू? म्हटलं, गेलीच तुझ्याकडे तर ओळखशील. जपून उघडशील. त्या भरवशावर मी इतके दिवस निवांत झोपलो बघ."

तराजू बाहीने टेबल पुसू लागला.

"अहो," आतून बायको ओरडली, "दादांना काहीतरी उत्तर द्या की!"

"राहू दे गं," दादा हसला. "तोलतोय तो अजून."