बाईंचं थांबणं

नुसतं गप्प बसून माणसाच्या पोटातलं ओठांवर आणणारी आमच्या बाईंसारखी दुसरी व्यक्ती बुलढाणा जिल्ह्यात झाली नाही. झाली असलीच तर ती इतकी गप्प असणार की आम्हाला पत्ताच लागला नाही! इतर प्राध्यापक आकडे गोळा करत, तेव्हा बाई संग्रामपूरकडच्या खेड्यांत कुणाच्याही ओट्यावर बसून एकच प्रश्न विचारत आणि थांबत. समोरचा खाकरे, तंबाखू मळे, बकरी हाकी आणि शेवटी सासूपासून सरपंचापर्यंत सगळं सांगून टाके. कॉलेजात याला 'गप्पा' म्हणून हसत. आज त्याच गप्पा गुणात्मक संशोधन म्हणून अभ्यासक्रमात आहेत. ऐकलेलं लिहून काढल्यावर, छापण्याआधी, बाई पुन्हा त्याच ओट्यावर जाऊन वाचून दाखवत. रोहिणखेडच्या एका आजीनं फर्मावलं, "सुनेचं काढून टाक वं. तवा राग आल्ता मले." बाईंनी अख्खं पान फाडलं. एका संपादकानं वऱ्हाडी वाक्यं पुणेरी करून ठेवली, तर बाईंनी लेखच परत मागवला. "माणसाचं बोलणं इस्त्री करून छापत नसतात!"

आम्हा विद्यार्थ्यांना ही सवय जन्माची चिकटली. मी बायकोला "काय झालं?" विचारून थांबलो की ती कडाडते, "हे बाईंचं माह्यावर नका करू!"

गेल्या वर्षी बाई घरात पडल्या आणि पुण्याच्या भाचीनं त्यांना न्यायचं ठरवलं. अख्खी गल्ली सल्ले देत होती. मी विचारलं, "बाई, तुम्हाला काय वाटतं?" आणि थांबलो. त्याही थांबल्या. दोन कसलेले पहिलवान समोरासमोर! चहावर साय धरली. शेवटी गुरूनं हार मानली.

"मले जायचं नाही."

जन्मभर दुसऱ्यांची वऱ्हाडी जपणाऱ्या बाईंच्या तोंडून ती मी पहिल्यांदाच ऐकली. 'मग मी सांगतो भाचीला' असं म्हणायला तोंड उघडलं, तर त्यांनी डोळ्यांनीच दटावलं. बोलणं संपलं नव्हतं.

"पण तिचा नवरा गेला तशी ते पोरगी कोणाशी बोलतच नाही. कोणी बसाले पाह्यजे तिच्याजवळ."

गेल्या.

आता रविवारी त्यांचा फोन येतो. "काय म्हणतं बुलढाणं?" विचारून त्या थांबतात. मी सगळं ओततो, मग "तुमचं कसं?" विचारून मीही थांबतो. सुरुवातीचे महिने पलीकडून नुसती कुकरची शिट्टी ऐकू यायची. हल्ली मागून भाची टोकते, "आत्या, बोलत का नाहीस? फोन कट झाला का?"

"कट कुठं वं? बोलून राह्यलो आम्ही."