नाव न लिहिण्याची खबरदारी

निवृत्तीनंतर घरी बसून बायकोचं डोकं खाऊ नये म्हणून मी मुंबईच्या एका संस्थेसाठी सर्व्हे करू लागलो. बड्या गुंतवणूकदारांनी एखाद्या कंपनीत पैसे घालण्याआधी तिथे माणसांना कसं वागवतात ते त्यांना कळावं, म्हणून ही माहिती. हेतू चांगलाच. मी भिवंडीचा, माणसं ओळखतो, म्हणून माझी निवड झाली आणि मी ती भलतीच मनावर घेतली.

भिवंडीजवळच्या वळ गावातल्या एका गोदामात पॅकिंगच्या बायकांशी बोलायचं होतं. संस्थेची ताकीद एकच, कुणाचं नाव लिहायचं नाही. बाई बुजली की मी माझी हुकमी युक्ती काढायचो. "गाव कोणतं गं तुझं?" गाव विचारलं की आपल्याकडे माणूस मोकळं होतं.

"गणेशपुरी. येष्टीनं येते," एकीने सांगितलं. मग हळूच, "सर, अख्खी शिफ्ट उभं ऱ्हायाचं. बसाया न्हाय देत. पोटुशी असली तरी न्हाय."

मी खूश. बाकी सगळ्या 'बरं हाय'वर थांबल्या होत्या. नाव लिहिलं नाही. गाव मात्र लिहिलं. नाहीतर अस्सलपणा कसा येणार?

गणेशपुरीहून त्या गोदामात ती एकटीच येत होती, एवढं विचारायचं मला सुचलं नाही.

गुंतवणूकदार जबाबदार निघाले. त्यांनी तिचं म्हणणं गावासकट कंपनीपुढे ठेवून खुलासा मागितला. कंपनीही जबाबदार निघाली. तिने स्टुलं आणली आणि बाईला काढलं. स्टुलांचे फोटो वर गेले, पैसे खाली आले.

गोदामाला बायका पुरवणाऱ्या ठेकेदाराला मी गाठलं. त्याने चहा मागवला. "काका, किसीने निकाला नहीं. तीच यायची बंद झाली. आणि तुमच्यामुळे बाया बसायला लागल्या ना? और क्या चाहिए?"

चहा मी प्यायलो, हेही सांगून टाकतो.

पुढे अंबाडी नाक्यावर ती भेटली. आता काय करतेस, विचारलं.

"भातलावणीला जाते लोकांच्या. तितं बसाचं न्हाय, वाकाचं."

ती हसली. मीही हसलो.

"मी पुन्हा लिहितो वरती," मी म्हणालो. "तुला परत घ्यायला लावतो."

तिचं हसू गेलं. तिने आजूबाजूला पाहिलं.

"नका सर. माजी बहीण हाय तितं अजून. वळलाच दिलीय तिला."