चीफची बावीस वर्षं आणि तेवीस नंबरचा रकाना

ऑर्व्हल स्टकी आणि वेंडेल प्रुएट यांची पहिली भेट युद्धनौकेच्या बॉयलरखोलीत झाली, आणि ऑर्व्हलवर विश्वास ठेवायचा तर ती वरून खाली झाली. शिडीवरून आधी चाळीस माणसांना पुरेल एवढ्या कॉफीचं पिंप आलं, पिंपामागून टोपी आली आणि टोपीमागून पगारखात्याचा कारकून वेंडेल आला. खाली ऑर्व्हल उभा होता. पिंपातली कॉफी दर वर्षी वाढत गेली. ऑर्व्हल सत्तरीला पोचला तेव्हा ती चारशे माणसांना पुरू लागली होती आणि बाहेर वादळही सुरू झालं होतं.

"मला काही लागलं नाही," वेंडेल प्रामाणिकपणे सांगे.

बावीस वर्षांनी ऑर्व्हल चीफ होऊन नौदलातून निवृत्त झाला. हुद्दा सुटला, हाक सुटली नाही. न्हावी त्याला चीफ म्हणे, पाद्री चीफ म्हणे, बायको नेडीनसुद्धा भांडण नसेल तेव्हा चीफच म्हणे. पुढे वेंडेलही नौदलातून निवृत्त झाला आणि दोघं मित्र हॅलोक पॉइंटच्या सरकारी गोदीत लागले. ऑर्व्हल बॉयलर दुरुस्त करी आणि वेंडेल कामगारांचे कागद सांभाळी. गोदीतूनही निघायची वेळ आली तेव्हा वेंडेलनं सल्ला दिला.

"चीफ, नौदलाचं पेन्शन सोडून दे. ती बावीस वर्षं गोदीच्या नोकरीत मिळवून टाक. एकच पेन्शन, एकच कागद, आणि रक्कम थोडी जास्तच."

वेंडेलनं बोट ठेवलं तिथं ऑर्व्हलनं सही केली. चष्मा खिशातच होता.

सगळं सुरळीत चाललं, ते राज्यानं लष्करी पेन्शनवरचा आयकर माफ करेपर्यंत. त्या दिवशी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये घंटा वाजली. एरवी ती एकाच गुन्ह्यासाठी वाजते. आत कुणी डोक्यावर टोपी ठेवली की बारवाला डार्नेल दोरी ओढतो आणि गुन्हेगारानं सगळ्यांना बिअर पाजायची असते. त्या दिवशी मात्र ती फुकट वाजली आणि ऑर्व्हलनं खुर्चीवर चढून भाषण ठोकलं. "अखेर राज्याला कळलं, आपण कोण होतो ते!"

"वाचतील त्या पैशात भांडी धुवायचं मशीन घेऊ," नेडीन घरी म्हणाली.

"मशीनचं सोड गं. राज्याच्या फॉर्मवर तेवीस नंबरचा रकाना आहे, 'लष्करी पेन्शन'. त्यात माझी बावीस वर्षं लिहिली जाणार."

फेब्रुवारीत वेंडेल नेहमीप्रमाणे हॉलच्या कोपऱ्यात लॅपटॉप आणि डोनटचा खोका घेऊन बसला. सगळ्या मित्रांचे फॉर्म तो फुकट भरून देई. ऑर्व्हल इस्त्रीचा शर्ट घालून, टोपी हातात धरून समोर बसला.

वेंडेलनं बटणं दाबली. तेवीस नंबरवर शून्य आलं.

"चुकलास, लेका."

"चुकलो नाही, चीफ. पेन्शन कोण देतं, असं विचारतंय. तुझं गोदीच्या नोकरीचं येतं. ते साधं सरकारी पेन्शन. लष्करी नव्हे."

"आणि माझी बावीस वर्षं?"

"ती त्यातच आहेत. पण दिसत नाहीत."

ऑर्व्हलनं बाही वर केली. दंडावरचा नांगर आता जरा लोंबत होता. "हा दिसतोय ना? याचा फोटो जोड."

"नांगर जोडायला जागा नाही रे."

शेजारी बायकांच्या टेबलावर कुणीतरी हसलं. ऑर्व्हलनं तिकडे पाहिलं नाही. तो वेंडेलच्या कोपराखालचा कागद वाचत होता, आणि या वेळी चष्मा डोळ्यांवर होता. कागद वेंडेलच्या स्वतःच्या पेन्शनचा होता. वरच्या कोपऱ्यात लष्कराच्या पेन्शन कचेरीचं नाव होतं.

"तू मिळवली नाहीस तुझी वर्षं?"

वेंडेल डोनटकडे बघत राहिला. "नाही."

"मला म्हणालास, फायद्याचं आहे."

"होतंच तेव्हा. रक्कम वाढली की नाही तुझी?"

"मग तू का नाही केलंस?"

वेंडेलनं बोटांची साखर झटकली. "म्हटलं, आधी तुझं कसं काय होतं ते बघावं."

ऑर्व्हलला चाळीस वर्षांनी पहिल्यांदा कळलं की शिडीखाली आपण उभे होतो हा योगायोग असला, तरी पुढे वेंडेलला आपली ती जागा आवडली होती. बोलण्यासारखं बरंच होतं. त्यातलं एकही वाक्य बायकांच्या टेबलाजवळ बोलण्यासारखं नव्हतं. तो उठला, टोपी डोक्यावर दाबली आणि दाराकडे निघाला.

ठण्ण!

"माफ कर, चीफ," दोरी हातात धरून डार्नेल ओशाळून म्हणाला. "हात आपोआप गेला."

नियम म्हणजे नियम. ऑर्व्हलनं पाकीट काढलं. एकोणीस माणसं होती. डार्नेलनं एकोणीस बिअर भरल्या, आणि एकोणिसावी कोपऱ्यातल्या लॅपटॉपशेजारी नेऊन ठेवली.

"थँक्स, चीफ," वेंडेल म्हणाला.

ऑर्व्हलनं त्या वर्षी पूर्ण कर भरला. वेंडेल पुढच्या हिवाळ्यात फ्लोरिडाला राहायला गेला. तिथे राज्याचा आयकर मुळातच नाही.