सोनगीरच्या अक्कांना मी पुन्हा सांगा म्हटलं

नव्वदीच्या सुरुवातीला सिनेमातली कामं आटत चालली होती. रडणाऱ्या वहिन्या करता करता मी पस्तिशीला आले होते. माहितीपट करायचाय, असं चार लोकांत बोलून बसले आणि एका संस्थेनं खरंच होकार दिला. विषय होता सोनगीरचे तांबट, तांब्या-पितळेची भांडी घडवणारे. भाड्याचा कॅमेरा दोनच दिवस मिळणार होता आणि दिग्दर्शन मी कधी केलंच नव्हतं.

धुळ्याला शेवभाजी मागवली, पण घास उतरेना. कॅमेरामन सुधाकर माझ्याही वाटची भाकरी जेवला. तुम्ही जाणार असाल तर धुळ्याहून शिरपूरची एसटी धरा, आग्रा रोडवरच सोनगीर लागतं. किल्ला सकाळीच चढून घ्या, नंतर ऊन सोसत नाही.

गावात शिरलो तर सगळीकडे ठोकण्याचा आवाज. त्यात मुलाखत कशी ऐकू येणार? पहिला दिवस या काळजीतच वाया गेला.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या नानांकडे गेलो. आयुष्यभर हंडे ठोकून त्यांचे कान गेले होते. त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, मला निरखून अहिराणीत विचारलं,

"तू सिनेमानी बाई शे ना?"

मी हो म्हटलं. त्या ओट्यावर बसून बोलू लागल्या. लेक बाळंतपणात गेल्याचा निरोप आला होता, तेव्हा त्यांनी हंबरडा फोडला. पाठमोरे नाना ठोकतच राहिले. हंडा पुरा झाल्यावर ते वळले, तेव्हा त्यांना कळलं. सांगताना अक्का रडल्या.

सुधाकर माझ्या कानाशी कुजबुजला, "फोकस गेला होता."

शेवटची बॅटरी संपत आली होती. मी घाईनं म्हणाले, "अक्का, तेवढं पुन्हा सांगता?"

त्यांनी पदरानं डोळे पुसले. "एकदाव सांगं ना बाई. आते परत सांगसू ते नाटक व्हई जाई."

एकदा सांगून झालं, आता परत सांगितलं तर ते नाटक होईल, असं म्हणून त्या चहा ठेवायला आत गेल्या. तो चहा मी मान खाली घालून प्यायले.

मुंबईत संकलनाला बसलो तेव्हा तो धूसर तुकडा मी तसाच ठेवला. संस्थेचे साहेब म्हणाले, "हे चुकलंय." मी म्हटलं, "चुकलंय ते माझं. राहू द्या." त्याच माहितीपटामुळे मला पुढे टीव्हीवर प्रवासाचा कार्यक्रम मिळाला. कितीतरी अनोळखी दारांत उभी राहिले, पण कुणालाही दुःख दुसऱ्यांदा सांगायला लावलं नाही.

अक्कांना कॅसेट पोस्टानं पाठवली होती. उत्तर आलं नाही. नंतर तीनदा त्या रस्त्यानं गेले. तिन्ही वेळा ड्रायव्हरला गाडी थांबव म्हणायचा धीर झाला नाही.