कानाच्या मशीनची जाहिरात

मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला तर मुळीच नाही. निवृत्तीला दीड वर्ष उरलेल्या मास्तरानं, वर्गात मागच्या बाकावरचं काही कळत नाही, असं कबूल करायचं? छे! घरी ती काहीही बोलली की मी 'हं' म्हणायचो. तेवढ्यावर निभत होतं.

एक दिवस घरच्या कॉम्प्युटरवर बातम्या वाचताना बाजूला जाहिरात आली, कानाच्या मशीनची. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठवडाभर जिकडे बघावं तिकडे कानच. माझी खात्रीच पटली, हा डबा आमच्या घरातलं बोलणं ऐकतोय. मला ऐकू येत नाही, हे याला बरं ऐकू आलं!

अंगाचा नुसता तिळपापड झाला. आरशावरची बायकोची टिकली काढून कॅमेऱ्यावर चिकटवली. माइकची वायर उपटली. फुकटात घेतलेली तीन-चार सॉफ्टवेअरं उडवली. त्यात प्रिंटरचंही गेलं आणि चाचणीचे पेपर छापायचे राहिले. जाहिराती मात्र तशाच.

शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. दिंडोरीचा माणूस, माझ्याच वयाचा. त्यानं प्रिंटर चालू करून दिला, जाहिरातींची माझी तक्रार ऐकली आणि टिकलीकडे बघून हसला.

"सर, माइकचं काय नाय यात. आपण जे शोधतो ना, त्याची नोंद ठेवतात हे लोक. घरात कुणीतरी कानाचं शोधलं हाय."

"मी नाही शोधलं."

"मग दुसरं कोण हाय घरात?"

तो गेला. घरात आम्ही दोघंच. ती ओट्यापाशी भाजी चिरत होती. इतके दिवस कॉम्प्युटरवर होता तो संशय आता तिच्या पाठीवर जाऊन बसला. हिला कळलंय? कधीपासून? कुणाकुणाला सांगितलंय? तिच्याकडे एक डोळा ठेवून मी हिस्टरी उघडली.

'कमी ऐकू येणे उपाय'. 'कानाचे डॉक्टर गंगापूर रोड'. आणि त्याखाली, दिवाळीच्याही आधीपासून, पुन्हा पुन्हा एकच: 'नवऱ्याला वाईट न वाटता कसे सांगावे'.

मला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात ती आतून काहीतरी बोलली. शब्द कळले नाहीत. 'हं' अगदी ओठांवर आलं होतं. मी उठून तिच्याजवळ गेलो.

"ऐकू नाही आलं," मी म्हटलं. "परत सांग."

तिनं गॅस बंद केला आणि ती माझ्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली.